बर्फाखालची बखर

इतिहासाला कागद लागतो, अशी आपली साधारण समजूत असते. कागद नसला तर ताम्रपट, ताम्रपट नसला तर शिलालेख, आणि तोही नसला तर निदान एखादे खापर किंवा झिजलेले नाणे. काहीतरी माणसाच्या हातचे असावे लागते. मग जिथे माणसाचा हात कधी पोचलाच नाही, तिथला इतिहास कोणी लिहावा? हजारो हात बर्फाखाली गाडल्या गेलेल्या जमिनीची बखर कोणत्या चिटणिसाने लिहून ठेवावी?

ती लिहिलेली आहे, आणि गेल्या चाळीसएक वर्षांत माणूस ती वाचायलाही शिकला आहे, ही हकीकत मला या दिवाळीत वाचकांना सांगायची आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. शाळेत मुलांना इतिहास शिकवावा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, हा माझा व्यवसाय. माझे शिक्षणही शालान्त परीक्षेच्या पुढे गेले नाही. परंतु साक्षीदार कितपत खरा, त्याचे सांगणे किती घ्यावे आणि किती सोडावे, हे पाहणे इतिहासाच्या मास्तराला रोजचेच असते. त्या नजरेने पाहता या बखरीच्या लेखकाइतका निःस्पृह साक्षीदार मला तरी दुसरा ठाऊक नाही. त्याला कोणा सरदाराची मर्जी राखायची नाही की कोणा घराण्याची थोरवी गायची नाही. तो नुसता पडून आहे. तो दगड आहे.

*

स्वित्झर्लंडात न्यूशातेल गावाच्या वरच्या अंगाला, चुनखडीच्या डोंगरावर, ग्रॅनाइटचे अजस्र धोंडे पडलेले आहेत. त्या डोंगराचे आणि त्या धोंड्यांचे काडीचे नाते नाही. तसला ग्रॅनाइट आढळतो तो दूरवर, माँ ब्लाँच्या पर्वतरांगेत. मग हे उपरे पाहुणे इथे आले कसे? भाविक लोक म्हणत, नोहाच्या जलप्रलयात वाहून आले. १८१५ साली पेरोदँ नावाच्या एका डोंगरी शिकाऱ्याने शार्पांतिए या खाणींवरच्या अधिकाऱ्याला निराळेच सांगितले. त्याचे म्हणणे असे, की आमच्या दरीतली हिमनदी पूर्वी फार खालपर्यंत पसरलेली होती आणि हे धोंडे तिनेच पाठीवरून आणून टाकले. अधिकाऱ्याला ते त्या वेळी पटले नाही. पुढे मात्र तोच या मताचा मोठा पुरस्कर्ता झाला, आणि १८३७ साली लुई अगासी याने न्यूशातेललाच भरलेल्या विद्वानांच्या सभेत हिमयुगाची कल्पना मांडली. शिकाऱ्याच्या गप्पांचे शास्त्र झाले ते असे.

पण इतिहासाला जो प्रश्न टाळता येत नाही तो तसाच राहिला. हे सारे घडले केव्हा? बर्फ आला होता आणि गेला, एवढे धोंड्यांनी सांगितले. कधी गेला, ते सांगितले नाही. कार्बनची कालमापनाची पद्धत पुढे निघाली खरी, परंतु तिला लाकूड, कोळसा, हाड असे काहीतरी एके काळी जिवंत असलेले लागते, आणि तिची धाव साधारण ५०,००० वर्षांपलीकडे जात नाही. बर्फाने खरवडून काढलेल्या उघड्या कातळावर काडी तरी कुठून मिळायची? तेव्हा हवे होते असे घड्याळ, की जे दगडाच्याच अंगात असावे आणि दगड बर्फाबाहेर आला की आपोआप चालू व्हावे.

असे घड्याळ खरोखरीच आहे, आणि त्याला किल्ली देणारा आकाशात आहे.

*

७ ऑगस्ट १९१२ या दिवशी व्हिक्टर हेस नावाचा ऑस्ट्रियन पदार्थविज्ञानी बलूनमध्ये बसून ५,००० मीटरांहूनही उंच गेला. बरोबर त्याने हवेतील किरणोत्सर्ग मोजण्याची उपकरणे घेतली होती. हा किरणोत्सर्ग जमिनीतून येतो अशी त्या वेळची समजूत होती. तसे असेल तर वर जावे तसतसा तो कमी व्हायला हवा. घडले उलटे. वर जावे तसा तो वाढतच गेला. त्या अर्थी तो पृथ्वीचा नव्हे, बाहेरचा होता. हेच विश्वकिरण, आणि त्यांच्या शोधाबद्दल हेसला १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

नाव किरण असले तरी हे बहुतांशी प्रोटॉन कण आहेत, आणि त्यांतले बरेचसे दूरदूरच्या स्फोट पावलेल्या ताऱ्यांकडून अफाट वेगाने येतात. ते हवेच्या अणूंवर आदळतात, त्यांचे तुकडे उडवतात, ते तुकडे आणखी अणूंवर आदळतात. असा तो मारा खाली उतरत येतो आणि त्यातले थोडे न्यूट्रॉन जमिनीपर्यंत पोचतात. तिथे समजा एक गारगोटी पडलेली आहे. गारगोटी म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन. न्यूट्रॉनने ऑक्सिजनच्या अणुगर्भावर घाव घातला की मागे कधी बेरिलियम-१० उरते; सिलिकॉनवर घाला पडला की अॅल्युमिनियम-२६. पृथ्वीच्या जन्मवेळची ही द्रव्ये केव्हाच विरून गेली आहेत. तेव्हा गारगोटीच्या पोटात ती सापडली, तर मागाहून झालेल्या या घावांचीच ती खूण समजावी.

आणि हे घाव तरी किती? समुद्रसपाटीवर, ध्रुवांकडच्या प्रदेशात, एक ग्रॅम गारगोटीत वर्षाकाठी बेरिलियम-१० चे सुमारे ४ अणू तयार होतात. वर्षाला अवघे चार! दगड १०,००० वर्षे उघडा राहिला तर ४०,००० अणू. आणि त्या एका ग्रॅममध्ये एकंदर अणू इतके, की एकावर बावीस शून्ये मांडली तरी पुरी पडू नयेत.

हे मी वर्गात सांगितले तेव्हा एका मुलाने विचारले, “पण गुरुजी, आपल्यावरचा बर्फ गेला हे दगडाला कळतं कसं?” मी म्हटले, “त्याला कळत नाही रे, त्याला लागतं.” खडकात सुमारे ६० सेंटिमीटर खोल गेले की हा मारा एक-तृतीयांशावर येतो, आणि चार-पाच मीटरांवर जवळजवळ नाहीसा होतो. वर शेकडो मीटर बर्फ असेल तर दगडाला काहीच लागत नाही. घरातल्या बायकांना हे तत्त्व सांगायला नको. अंगणात वाळत घातलेल्या गोधडीचा वरचा पदर उन्हाने विटतो, घडीच्या आतला तसाच राहतो. आणि रंग किती उडाला ते पाहून आजी बरोबर सांगते, की ही किती दिवस उन्हात पडून होती. शास्त्रज्ञ दगडाचा उडालेला रंग पाहतात, इतकेच.

*

या विद्येच्या पायाभरणीतला एक मोठा भाग आपल्या मुंबईत झाला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

टाटा मूलभूत संशोधन संस्था कुलाब्याच्या टोकाला आज जिथे आहे तिथे ती १९६२ साली गेली. त्याआधी गेटवे ऑफ इंडियाशेजारच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत तिचा संसार होता. तिथे १९४९ साली देवेंद्र लाल नावाचा वीस वर्षांचा तरुण दाखल झाला. जन्म बनारसचा, शिक्षण बनारस हिंदू विश्वविद्यालयाचे. थोड्याच काळात तिथे बर्नार्ड पीटर्स आले. हे मूळचे जर्मन. डाखाऊच्या छळछावणीचा अनुभव घेऊन अमेरिकेत गेलेले, तिथे ओपेनहायमरच्या हाताखाली शिकलेले, आणि पुढे तिथल्या राजकीय संशयाच्या वातावरणात ज्यांना काम करणे कठीण झाले असे. एका देशाने छळले, दुसऱ्याने संशय घेतला, आणि तिसऱ्याने प्रयोगशाळा दिली.

१९५५ साली पीटर्स यांनी विश्वकिरणांनी निर्माण होणाऱ्या बेरिलियमचा पृथ्वीच्या इतिहासासाठी उपयोग होईल असा निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी अमेरिकेत डेव्हिस आणि शेफर या दोघांनी खडकातले क्लोरीन-३६ मोजण्याचा पहिला प्रयत्न केला. मुंबईच्या मंडळींनी आपल्या दाराशी भरपूर असलेली वस्तू हाती घेतली : पाऊस. हवेत तयार झालेली ही द्रव्ये पावसाबरोबर खाली येणारच. लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावसाचे पाणी जमवून, ते आटवून, गाळून, त्यातून १९५६ साली बेरिलियम-७ आणि १९५७ साली फॉस्फरसची किरणोत्सर्गी रूपे वेगळी काढून दाखवली. ज्या पावसाने मुंबईकरांच्या छत्र्या उलट्या होतात, त्याच पावसात ताऱ्यांच्या स्फोटांचा हिशेब वाहत येत होता.

लाल यांनी या विषयाला आयुष्य वाहिले. १९६७ साली पीटर्स यांच्याबरोबर त्यांनी या शास्त्राचा मोठा आढावा लिहिला. १९७२ ते १९८३ या काळात ते अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे संचालक होते. आणि १९९१ साली त्यांचा तो निबंध आला, ज्यावाचून या क्षेत्रात पुढे पाऊल टाकता येत नव्हते. अडचण अशी होती, की विश्वकिरणांचा मारा सगळीकडे सारखा नाही. उंच डोंगरावर तो जास्त, कारण वर हवेचे पांघरूण पातळ. विषुववृत्ताशी कमी, कारण तिथे पृथ्वीचे चुंबकत्व त्यांना अधिक परतवते. मग कोणत्या अक्षांशावर, किती उंचीवर, वर्षाला किती अणू धरावेत? याचा दर लाल यांनी बसवून दिला. घड्याळ आकाशाने दिले होते. त्यावरचे आकडे रेखणाऱ्यांत हा बनारसचा माणूस अग्रभागी होता. २०१२ साली ते वारले.

*

दर ठरला, तरी अणू मोजायचे कसे? बेरिलियम-१० चे अर्धे अणू विरायला सुमारे १४ लाख वर्षे लागतात. एकेक अणू विरण्याची वाट पाहत बसणारा जन्मभर बसून राहील. १९७७ च्या सुमारास तोड निघाली. अणू विरण्याची वाट न पाहता वेगवर्धक यंत्रातून त्यांना प्रचंड वेगाने फेकायचे, चुंबकाने वळवायचे आणि एकेक मोजून घ्यायचे. बेरिलियमसारख्याच वजनाचे बोरॉन मधे घुसते, त्याला वगळावे लागते. पावसाने दगडाला लागलेले बेरिलियमही आम्लात धुऊन काढावे लागते. १९८०–९० च्या दशकात हे सारे साधले आणि जगभर दगडांच्या जबान्या सुरू झाल्या.

कशा, त्याचा एक नमुना देतो. नाशिकला गोदावरीचा पूर ओसरताना घाटाच्या वरच्या पायऱ्या आधी उघड्या पडतात, खालच्या मागाहून. प्रत्येक पायरी केव्हा कोरडी झाली हे कळले, तर पूर किती वेगाने उतरला ते सांगता येईल. अंटार्क्टिकात पाइन आयलंड हिमनदीच्या काठच्या डोंगरावर असेच वेगवेगळ्या उंचीचे दगड तपासले, आणि २०१४ साली निष्कर्ष निघाला : सुमारे ८,००० वर्षांपूर्वी तिथला बर्फ झपाट्याने खाली उतरला होता, आणि तो वेग आज तिथे दिसणाऱ्या वेगाच्या तोडीचा होता. असे उतरणे एकदा सुरू झाले की ते पंचवीस वर्षे तरी चालू राहू शकते, असेही त्या दगडांनी सांगितले.

आता साक्षीदाराची उलटतपासणी. दगडाची वरची कातडी झिजून गेली तर तिच्यातले अणूही जातात, आणि दगड आपले वय कमी सांगतो. तो आधी कुठे उघडा पडून मग इथे आला असेल, तर जास्त सांगतो. याचे उदाहरण आपल्या बुलढाणा जिल्ह्यातच आहे. लोणारचे सरोवर अशनीच्या आघाताने झाले यात शंका नाही. केव्हा झाले, यावर मात्र वाद आहे. २०११ साली आर्गॉन वायूच्या पद्धतीने ५,७०,००० वर्षे असे उत्तर आले. २०१४ साली बेरिलियम, अॅल्युमिनियम आणि आघातापूर्वीच्या मातीतला कार्बन यांवरून दुसऱ्या गटाने सांगितले, सुमारे ३७,५०० वर्षे. अंतर केवढे! दुसऱ्या गटाचे म्हणणे, की आघातात वितळलेल्या काचेत जुना आर्गॉन अडकून राहिला असावा आणि त्यामुळे वय फुगले असावे. लोणारची कड पावसापाण्याने अजून झिजते आहे, हेही त्यांच्या दगडांनी दाखवले. शिवकालातल्या एखाद्या तिथीवरून आपले पंडित जसे भांडतात, तसेच हे आहे, आणि त्यात शास्त्राला कमीपणा नाही. एकाच कागदावर विसंबू नये, हा धडा दोन्हीकडे सारखाच.

*

म्हणूनच ग्रीनलंडची हकीकत मी शेवटी ठेवली. तिथे साक्षीदार एक नाही, अनेक आहेत.

शीतयुद्धाच्या काळात, १९५९ साली, अमेरिकेच्या लष्कराने ग्रीनलंडच्या बर्फात भुयारे खोदून ‘कॅम्प सेंच्युरी’ नावाची छावणी उभारायला घेतली. विजेसाठी तिथे अणुभट्टीही नेली. जगाला सांगितले, की हे शास्त्रीय संशोधनासाठी. पोटातला बेत असा, की बर्फाखाली शेकडो अण्वस्त्रे लपवून ठेवावीत. बर्फाने तो बेत पुरा होऊ दिला नाही. तो हळूहळू सरकत असतो, भुयारे चेपत असतो. १९६७ साली छावणी सोडून द्यावी लागली. मात्र तिथल्या शास्त्रज्ञांनी १९६६ साली सुमारे १,३९० मीटर बर्फ आरपार वेधून तळ गाठला होता, आणि तळाखालची साडेतीन मीटरांच्या आसपास गोठलेली मातीही वर काढली होती. बर्फाच्या कांड्यांचा पुष्कळ अभ्यास झाला. माती तशीच राहिली. ती अमेरिकेतल्या बफलोला गेली, तिथून १९९० नंतर कोपनहेगनला गेली, आणि एका शीतगृहात विसरली गेली.

राजवाड्यांनी गावोगाव हिंडून माळ्यावरची, अडगळीतली दप्तरे उजेडात आणली, त्याची आठवण इथे कोणालाही होईल. २०१७ साली कोपनहेगनचे ते शीतगृह आवरताना बिस्किटांच्या काचेच्या बरण्यांत भरलेली ती माती पुन्हा हाती लागली. ती धुताना शास्त्रज्ञांना पाण्यावर काळसर काड्या तरंगताना दिसल्या. डहाळ्या, पाने, शेवाळ. सव्वा किलोमीटरांहून जाड बर्फाखाली एके काळी झुडपे उगवत होती! २०२३ साली त्या मातीचे वय ठरले. वाळूचा कण शेवटचा उजेड केव्हा पाहून गाडला गेला, हे सांगणारी एक वेगळी पद्धत आहे; तिने उत्तर दिले सुमारे ४,१६,००० वर्षे. बेरिलियम आणि अॅल्युमिनियम यांनी पुस्ती जोडली, की गाडली जाण्यापूर्वी ती माती आकाशाखाली १६,००० वर्षांपेक्षा कमी काळ होती.

दुसरा साक्षीदार ग्रीनलंडच्या मध्यभागचा. तिथे १९९३ साली ३,०५३ मीटर बर्फ वेधून खालच्या खडकाचा दीड मीटर तुकडा काढला. त्या खडकात बेरिलियम-१० सापडणे म्हणजे तो कधीतरी उघडा होता हे सिद्ध होणे. किती काळ? इथे दोन घड्याळांची जोडी कामाला येते. दोन पणत्या एकदम लावाव्यात, एकीत तेल कमी आणि दुसरीत जास्त, तसे हे आहे. अॅल्युमिनियम-२६ साधारण सात लाख वर्षांत निम्मे होते, बेरिलियम चौदा लाखांत. उघड्यावर दोन्ही ठराविक प्रमाणात भरत असतात; झाकले गेले की भर थांबते, अॅल्युमिनियम आधी ओसरते, आणि त्या प्रमाणावरून झाकल्याचा काळ कळतो. २०१६ साली हिशेब प्रसिद्ध झाला : गेल्या १४ लाख वर्षांत तो खडक एकूण निदान २,८०,००० वर्षे बर्फाविना होता. म्हणजे मध्यावरचाच बर्फ गेलेला, मग कडेचा कुठला राहायला? पुष्कळांना हे पटायला जड गेले. २०२४ साली त्याच जागच्या, बर्फाच्या अगदी तळच्या गाळातून आणखी पुरावा निघाला : विलोचे लाकूड, कीटकाचा डोळा आणि ध्रुवप्रदेशातल्या पॉपी फुलझाडाचे एक बी. तीन किलोमीटर बर्फाखाली एक बी!

*

या साऱ्यातून आपण काय घ्यायचे? सवाचार लाख वर्षांपूर्वी ग्रीनलंडचा तो वायव्येचा भाग उघडा पडला, तेव्हा एकट्या ग्रीनलंडच्या वितळण्याने समुद्र निदान १.४ मीटर वर आला होता, असा अंदाज आहे. त्या वेळी हवेतल्या कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे २८० होते. आज ते ४२० च्या वर आहे, आणि ते आपण वाढवले आहे. ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सात मीटरांहून अधिक चढेल. हे उद्या घडेल असे कोणी म्हणत नाही. तेव्हाचा उबदार काळ हजारो वर्षांचा होता. परंतु ‘एवढा मोठा बर्फ, तो कुठे जातो?’ हा जो आपल्या मनाचा आधार होता, तो दगडांनी काढून घेतला आहे. तो गेला होता. आजच्यापेक्षा कमी कारणाने गेला होता.

आपल्या पूर्वजांनी दानपत्रांच्या शेवटी चंद्रसूर्य कोरले. ते असेतोवर हे दान चालावे, असा त्याचा अर्थ. कायमचे काय, याविषयी त्यांचा अंदाज चांगला होता. ग्रीनलंडच्या बर्फाची गणना त्या दोघांच्या पंक्तीला करता येत नाही, आणि आपल्या किनाऱ्यांचीही नाही. सात बेटांमधला समुद्र हटवून वसवलेल्या मुंबईला हे कोणी निराळे सांगायला नको. अपोलो बंदरावरच्या भरती-ओहोटीच्या १८७८ पासूनच्या नोंदी उपलब्ध आहेत. पाणी हळूहळू चढत आल्याचे त्यांत दिसते. त्या बंदराच्या लगतच जुना यॉट क्लब आहे, जिथे काही तरुणांनी एके काळी पावसाच्या पाण्यात आकाशाचे हिशेब शोधले. एक वही वरून येणाऱ्याची, एक खालून चढणाऱ्याची. दोन्ही आपल्याच अंगणात लिहिल्या गेल्या, आणि वाचायच्याही आपल्यालाच आहेत.